०.७९२७: इथेनॉलचा एक लॉट आणि न जुळणारी घनता

सोमवारी संध्याकाळी सहीसाठी आलेल्या गठ्ठ्यात एक नामंजुरीचा कागद होता. निर्जल इथेनॉलचा नवा लॉट. वीस अंश सेल्सिअसला घनता ०.७९२७ ग्रॅम प्रति मिलि. पुरवठादाराच्या प्रमाणपत्रावर ०.७८९६, आमची वरची मर्यादा ०.७९०५. खाली शेरा: ‘नमुन्यात पाणी जास्त आहे. लॉट परत पाठवावा.’

फरक ०.००३१ चा. एरवी तिसऱ्या दशांशस्थळावरच्या फरकाला कुणी विचारत नाही, पण इथेनॉलच्या बाबतीत तो बोलका असतो. शुद्ध इथेनॉलची घनता वीस अंशांना ०.७८९३. त्यात वस्तुमानाने एक टक्का पाणी गेलं की ०.७९२४, दोन टक्के गेलं की ०.७९५५. म्हणजे पाण्याचा प्रत्येक टक्का घनतेत साधारण ०.००३१ ची भर घालतो. त्या हिशेबाने ०.७९२७ म्हणजे सुमारे १.१ टक्के पाणी. निर्जल म्हणून घेतलेल्या मालात हे खपण्यासारखं नव्हतं.

सहीसाठी पेन उघडलं आणि कागदाची मागची बाजू पाहिली. कार्ल फिशर टायट्रेशनने काढलेलं पाणी: ०.११ टक्के. नमुन्याची बाटली तीच, दिवस तोच, आणि पाण्याच्या प्रमाणात दहापट तफावत. पेन बंद केलं.

जे हातात होतं

मोजमाप आमच्या नव्या केमिस्टने केलं होतं. मी विचारायच्या आतच ती म्हणाली, “सर, तीनदा केलंय. तिन्ही वेळा तेच येतंय.” नोंदवहीत खरंच ०.७९२७, ०.७९२६, ०.७९२७ असे तीन आकडे होते. इतकी छान जुळणी मलाही जमत नाही. पण एकाच बाटलीत, एकाच हाताने, एकाच दुपारी केलेली तीन मापं जुळली, तर त्यातून कळतं ते एवढंच की हात स्थिर आहे. उत्तर बरोबर आहे की नाही, ते त्यातून कळत नाही.

तिने वापरली होती पंचवीस मिलिची घनता बाटली, जिला आम्ही बोलताना आरडी बॉटल म्हणतो. ज्यांनी ती हाताळलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: काचेची बुटकी, पोटाशी फुगलेली कुपी, आणि तिच्या गळ्यात घासून बसवलेलं काचेचं बूच. बुचाच्या मधोमध केसासारखं बारीक भोक, म्हणजे केशनलिका. बाटली काठोकाठ भरायची आणि बूच अलगद सोडायचं. जादा द्रव केशनलिकेतून वर येऊन ओघळतो. मग बाटली गळ्यापर्यंत वीस अंशांच्या वॉटर बाथमध्ये अर्धा तास ठेवायची. थंड होताना द्रव आक्रसतो, नलिकेतली पातळी खाली जाते, ती ड्रॉपरने पुन्हा भरायची. शेवटी नलिकेच्या तोंडाशी आलेला थेंब गाळणकागदाच्या कडेने टिपायचा. इथे हात जपून चालवावा लागतो, कारण कागद तोंडावर क्षणभर जास्त टेकला तर तो नलिकेतला द्रवही ओढून घेतो. मग बाटली बाहेरून कोरडी करून वजन.

ही बाटली दर वेळी तेवढंच आकारमान धरते, यावर सगळा डोलारा उभा आहे. ते आकारमान नेमकं किती, हे आपण फूटपट्टीने मोजत नाही, बाटलीवर छापलेल्या ‘२५ मिलि’वरही विश्वास ठेवत नाही. ते पाण्याने ठरवतो. वीस अंशांना शुद्ध पाण्याची घनता ०.९९८२१ ही पक्की माहीत आहे, म्हणून त्या तापमानाला बाटलीत किती ग्रॅम पाणी मावतं ते एकदा नीट काढून रजिस्टरात लिहून ठेवायचं.

सहा नंबरच्या बाटलीसाठी रजिस्टरात पाण्याचं वजन २५.०११८ ग्रॅम होतं. त्या दिवशीच्या नोंदी अशा:

रिकामी बाटली बुचासह: १८.४१०३ ग्रॅम
इथेनॉल भरून: ३८.२६६० ग्रॅम
इथेनॉल: १९.८५५७ ग्रॅम

१९.८५५७ ला २५.०११८ ने भागलं की ०.७९३८५. याला पाण्याच्या आणि हवेच्या घनतेतल्या फरकाने, म्हणजे ०.९९८२१ वजा ०.००१२ ने गुणायचं आणि शेवटी हवेची ०.००१२ पुन्हा मिळवायची. रिकाम्या बाटलीत हवा असते आणि भरलेलीत ती नसते, त्या हवेच्या प्लावक बलाचा हा हिशेब. उत्तर ०.७९२७. गणित मी पुन्हा केलं. चूक नव्हती.

संशयितांची रांग

अशा वेळी बहुतेक जण हाताला येईल ते तपासत सुटतात. बाथ बघ, तराजू बघ, बाटली धू, पुन्हा कर. मी तिला एक कोरा कागद दिला आणि म्हटलं, आधी काहीही करू नकोस. जे जे चुकलं असू शकतं त्या प्रत्येकापुढे दोन गोष्टी लिही: त्या चुकीने आकडा वर जातो की खाली, आणि ०.००३१ इतका हलायला ती चूक किती मोठी असावी लागेल. चुकीला दिशा असते आणि माप असतं. गुन्हेगाराला दोन्ही जुळली पाहिजेत.

पहिला संशय अर्थातच तापमानावर. इथेनॉलची घनता एका अंशामागे सुमारे ०.०००८५ ने बदलते. तापलं की कमी, गार झालं की जास्त. आकडा ०.००३१ ने वर जायला नमुना वीसऐवजी साधारण १६.४ अंशांवर असायला हवा होता. प्रयोगशाळेत सत्तावीस अंश, बाथ वीसवर. साडेतीन अंश जास्त गार होणार कसा? तरी बाथचा थर्मामीटर वितळत्या बर्फात धरून पाहिला. ०.१ दाखवत होता. सुटला.

मग दव. हा मला जरा आवडलेला संशयित होता, कारण याची दिशा बरोबर होती. दमट हवेत वीस अंशांची बाटली सत्तावीस अंशांच्या खोलीत आणली की बाहेरच्या काचेवर दव धरू शकतं, आणि ते वजनात मोजलं जातं. पण लागणारं माप काढलं: सुमारे ७७ मिलिग्रॅम. म्हणजे दीड थेंबाएवढं पाणी काचेवर पसरलेलं. ते डोळ्यांना दिसेल, आणि उडत जाईल तसा तराजूचा आकडा खाली सरकत राहील. तिच्या वहीत एक मिनिटाच्या अंतराने घेतलेली दोन वजनं होती, जवळजवळ सारखीच. शिवाय तीन वेळा नेमकं तेवढंच दव पडणार नाही. हाही सुटला.

बाटलीत बुडबुडा अडकला असेल तर वजन कमी भरतं. सत्तावीस अंशांच्या खोलीत बाटली रेंगाळली तर इथेनॉल फुगून नलिकेतून बाहेर येतं आणि उडून जातं. एका अंशाला जवळपास वीस मिलिग्रॅम. तेही वजन कमीच करतं. दोघांची दिशा उलटी. कागदावर दोन्हींवर काट मारली. हवेच्या प्लावक बलाची दुरुस्ती विसरली असती तर फरक फक्त ०.०००२५ चा पडला असता, आणि तोही खाली.

तिने स्वतःहून एक चांगला मुद्दा काढला: प्रमाणपत्रावर घनता आणि आपला आकडा सापेक्ष घनतेचा, असं तर झालं नाही? ही गल्लत फार होते. विशिष्ट गुरुत्व किंवा सापेक्ष घनता म्हणजे पाण्याच्या तुलनेत किती पट. तिला एकक नसतं. घनतेला असतं. वीस अंशांचं इथेनॉल वीस अंशांच्या पाण्याशी ताडलं तर ०.७८९६ घनतेच्या नमुन्याची सापेक्ष घनता ०.७९१० येते. दोन्ही आकडे इतके जवळचे की एकाच्या जागी दुसरा सहज खपून जातो. दिशा जुळत होती. पण गल्लतीने पडणारा फरक ०.००१४ चा, आणि आम्हाला हवा होता ०.००३१. अर्धासुद्धा भरत नव्हता. प्रमाणपत्रावर एककही स्पष्ट छापलेलं होतं.

उरला खुद्द लॉट. कार्ल फिशर फक्त पाणी मोजतं. पाण्याशिवाय दुसरं काही जड मिसळलं असेल तर ते कार्ल फिशरला दिसणार नाही, घनतेला दिसेल. डायक्लोरोमिथेनसारखा १.३३ घनतेचा द्रावक टाकीत उरला असेल, तर आकारमानाने अर्ध्या टक्क्याहून थोडा जास्त मिसळला तरी आकडा एवढा चढेल. हा संशय खरा असता तर प्रकरण पाण्यापेक्षा गंभीर होतं. नमुना गॅस क्रोमॅटोग्राफीला, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करून दाखवणाऱ्या तपासणीला दिला आणि त्या दिवसापुरतं काम थांबवलं.

जाता जाता एक सांगतो. इथेनॉल आणि पाणी यांच्या मिश्रणाची घनता सरळ सरासरीने निघत नाही, कारण दोन्ही मिसळली की आकारमान आक्रसतं. पन्नास मिलि अधिक पन्नास मिलि म्हणजे शंभर नव्हे, साधारण शहाण्णव-सत्त्याण्णव भरतात. मेंडेलीव्हचा १८६५ सालचा डॉक्टरेटचा प्रबंध याच विषयावर, अल्कोहोल आणि पाण्याच्या संयोगावर होता. आवर्तसारणी पुढची गोष्ट. एका टक्क्याला ०.००३१ हा आकडा म्हणूनच तक्त्यातून घ्यावा लागतो, तोंडी हिशेबाने काढला तर चुकतो.

यंत्राचा तिसरा आकडा

मंगळवारी सकाळी डिजिटल घनतामापक मोकळा झाला. याचं तत्त्व वेगळंच. काचेची एक छोटी यू आकाराची नळी सतत कंप पावत असते. तिच्यात द्रव भरला की तिचं वस्तुमान वाढतं आणि कंपन मंदावतं. त्या कंपनकाळावरून घनता निघते. अँटोन पार कंपनीने १९६७ साली असा पहिला डिजिटल घनतामापक आणला, त्यापूर्वी सगळं काम बाटल्या आणि हायड्रोमीटरवर चालायचं. नमुना लागतो जेमतेम एक-दोन मिलि, तापमान यंत्र स्वतः राखतं, आणि दोन मिनिटांत पडद्यावर आकडा.

आकडा आला ०.७८८८.

आता गंमत झाली. बाटली म्हणते ०.७९२७, प्रमाणपत्र म्हणतं ०.७८९६, यंत्र म्हणतं ०.७८८८. लॅब इनचार्जनी दारातूनच विचारलं, “सरासरी किती येते?” बाटली आणि यंत्र यांची सरासरी ०.७९०८. मर्यादेपेक्षा जरा जास्त, म्हणजे ०.०००३ ची सूट देऊन लॉट घेता येईल असा त्यांचा सूर होता. सरासरीवर माझा राग नाही, पण ती कधी काढायची याला नियम आहे. एकाच खऱ्या आकड्याभोवती इकडेतिकडे सांडलेली मापं असतील तर सरासरीने त्यातला विस्कळीतपणा कमी होतो. दोन मापं दोन वेगळ्या कारणांनी चुकली असतील तर सरासरी काढून तिसरी चूक तयार होते, आणि तिचं कारण पुढे कुणालाही शोधता येत नाही.

शिवाय ०.७८८८ हा आकडाच अशक्य होता. शुद्ध इथेनॉल ०.७८९३ आहे. त्यात पाणी घातलं की घनता वाढतेच. ०.१ टक्का पाणी असलेलं इथेनॉल शुद्ध इथेनॉलहून हलकं कसं असेल? पुन्हा दिशेचाच प्रश्न. यंत्राच्या मापात काहीतरी आकडा खाली ओढत होतं.

यंत्राच्या खिडकीतला दिवा लावला आणि दोघांनी डोळे बारीक करून नळीत पाहिलं. वळणाच्या आत, वरच्या काचेला चिकटलेला एक बुडबुडा. मोहरीहून लहान. घाईने सिरिंज दाबली की असं होतं. हिशेब केला: ०.७८९६ वरून ०.७८८८ म्हणजे हजारात एक भाग कमी. नळीतल्या एक मिलि द्रवातला हजारावा भाग म्हणजे एक मायक्रोलिटर, म्हणजे सव्वा मिलिमीटर व्यासाचा बुडबुडा. मोटामोटी हिशेब, कारण वळणाशी कंपन सगळ्यात मोठं असतं आणि तिथला बुडबुडा जास्त नडतो. पण मापाचा अंदाज डोळ्यांना दिसलेल्या बुडबुड्याशी जुळला.

नळी धुऊन वाळवली. कोरड्या हवेला ०.००१२, पाण्याला ०.९९८२, दोन्ही ठीक. मग नमुना सावकाश, सिरिंज उभी धरून भरला. ०.७८९६. पुन्हा भरला, ०.७८९६. तिसऱ्यांदा तेच. दुपारी क्रोमॅटोग्रामही आला, त्यात इथेनॉलशिवाय सांगण्यासारखं काही नव्हतं.

लॉट मंजूर झाला. इनचार्जच्या दृष्टीने विषय संपला. “बाटलीचं माप रद्द करा, ऑपरेटरची चूक लिहा,” असं सांगून ते गेले. केमिस्टचा चेहरा पडला होता, आणि मला तो शेरा पटत नव्हता. ‘ऑपरेटरची चूक’ हे कारण नव्हे, कारण न सापडल्याची कबुली आहे. आणि बाटली अजून कपाटात होती. उद्या तिच्यात दुसरं काहीतरी मोजलं जाणार होतं.

पाणी

बुधवारी सकाळी मी तिला म्हटलं, आज इथेनॉल नको. बाटलीत पाणी भर.

खरं तर हे सोमवारीच करायला हवं होतं, आणि ते मला सुचायला हवं होतं. अनोळखी द्रवाबद्दल बाटली काय म्हणते ते ऐकण्याआधी पाण्याबद्दल काय म्हणते ते विचारायचं असतं, कारण पाण्याचं उत्तर आपल्याला आधीच ठाऊक असतं. पाणी उकळून गार केलेलं ऊर्ध्वपातित, म्हणजे त्यात विरघळलेल्या हवेचे बुडबुडे भिंतीला धरणार नाहीत. बाथ २०.०. अर्धा तास. थेंब टिपला, बाटली पुसली, वजन केलं, रिकामी बाटली वजा केली.

२५.१०९५ ग्रॅम. रजिस्टरात २५.०११८.

तिने सवयीने घनता काढली आणि कागद माझ्याकडे सरकवला: १.००२१. वीस अंशांचं पाणी १.००२१! साध्या हवेच्या दाबाखाली पाणी जास्तीत जास्त दाट असतं ते चार अंशांच्या आसपास, आणि तेव्हाही ०.९९९९७. आता द्रवावर संशय घ्यायची सोयच उरली नाही.

पण मजा पुढे आहे. पाण्यात ०.०९७७ ग्रॅम जादा आले होते. इथेनॉलची खरी घनता आता यंत्रावरून माहीत होती, म्हणून सोमवारी बाटलीत किती इथेनॉल यायला हवं होतं तेही काढता आलं: १९.७७८४ ग्रॅम. आलं होतं १९.८५५७. जादा ०.०७७३. आता हे दोन जादाचे आकडे शेजारी ठेवून पाहा. बाहेर दव, घाण किंवा तराजूतला दोष असता, तर दोन्ही वेळा साधारण तेवढेच ग्रॅम वाढले असते. तसं नव्हतं. ०.०७७३ ला ०.७८९६ ने भागा: ०.०९८ मिलि. ०.०९७७ ला ०.९९८२ ने भागा: ०.०९८ मिलि. वजन वेगळं, आकारमान एकच. म्हणजे बाटलीत दोन्ही वेळा तोच तो दहावा हिस्सा मिलि जास्त मावला होता.

काच वाढत नाही. तापमानाने फुगते म्हणावं तर बोरोसिलिकेटची पंचवीस मिलिची बाटली एका अंशाला ०.०००२५ मिलिच्या आसपास फुगते. ०.०९८ मिलि यायला शेकडो अंश लागतील.

बूच

बाटलीचं आकारमान काच ठरवते असं आपण म्हणतो, पण वरचं टोक बूच ठरवतं. ते गळ्यात किती खोल उतरतं त्यावर सगळं. गळ्याचा आतला व्यास होता सुमारे दहा मिलिमीटर. त्या गळ्यात ०.०९८ मिलि म्हणजे सव्वा मिलिमीटर उंची. बूच नेहमीपेक्षा सव्वा मिलिमीटर वर अडकलं की झालं. (यंत्रातला बुडबुडाही सव्वा मिलिमीटरचाच होता. योगायोग, पण त्या आठवड्यात आम्ही सव्वा मिलिमीटरला फार मान दिला.)

बूच काढून उजेडात धरलं. डोक्याच्या कडेवर बारीक कोरलेला आकडा: सहा. बाटलीच्या पोटावरही सहा. सगळं जागच्या जागी. मी निराश होऊन बूच तिच्या हातात दिलं. तिने ते केशनलिकेचं टोक वर करून, म्हणजे बाटलीत बसतं तसं, धरलं आणि म्हणाली, “सर, हा नऊ आहे.”

कोरलेले आकडे इंग्रजी पद्धतीचे. त्यातला सहा उलटा धरला की नऊ होतो. बाटलीला पोट आणि बूड असतं, तिच्यावरचा आकडा कुणी उलटा वाचत नाही. बूच मात्र धुऊन ट्रेवर आडवं पडलेलं असतं, हातात कसंही येतं. आमच्याकडे सहा नंबरची बाटली होती आणि नऊ नंबरचीही होती, आणि कुणीतरी एके दिवशी दोन्ही एकत्र धुतल्या होत्या.

ही बुचं एकेका गळ्यात घासून बसवलेली असतात. दुसऱ्याच्या गळ्यातही ती बसतात, इथेच घात होतो. अजिबात बसलं नसतं तर कुणीही ओळखलं असतं. नऊचं बूच सहाच्या गळ्यात छान बसत होतं, फक्त जरा वर. केमिस्ट म्हणाली की सोमवारी ते किंचित घट्ट वाटलं होतं, पण नव्या माणसाला घट्ट आणि नेहमीचं यातला फरक कसा कळणार?

मग तिने कुणी न सांगता रजिस्टर उघडलं. सहा नंबर, रिकामी बाटली बुचासह: १८.२२४७ ग्रॅम. सोमवारचं तिचं वजन: १८.४१०३. फरक ०.१८५६. पुरावा तीन दिवस वहीत, तिच्याच अक्षरात पडून होता.

तो दिसला का नाही, याचं कारण आमच्या कार्यपद्धतीत होतं. दर वेळी रिकामी बाटली नव्याने तोलायची असा नियम, आणि नियम चांगला आहे. पण तोललेलं वजन रजिस्टराशी ताडायला कुठेच सांगितलेलं नव्हतं. नव्याने तोलल्यामुळे जड बुचाचं जादा वजन आपोआप वजा झालं आणि त्याबरोबर खूणही पुसली गेली. उलट तिने आळस करून रजिस्टरातलं जुनं वजन वापरलं असतं, तर घनता ०.८००१ आली असती. साडेतीन टक्के पाणी! असला आकडा कुणीच कागदावर चढवला नसता, चूक पाच मिनिटांत सापडली असती.

सहाचं खरं बूच नऊच्या बाटलीवरून काढून आणलं. पाणी: २५.०११६ ग्रॅम. इथेनॉल: १९.७७८४. घनता ०.७८९६.

अकरा दिवस मागे

सहाच्या बाटलीवर नऊचं बूच होतं, म्हणजे नऊच्या बाटलीवर सहाचं असणार. आणि तिथे चूक उलट्या दिशेची. बूच बारीक, जास्त खोल उतरणार, बाटलीत कमी द्रव मावणार, घनता खऱ्याहून कमी दिसणार.

अदलाबदल कधीची, हे रिकाम्या वजनांवरून दिवसासकट काढता आलं. वहीची पानं मागे उलटत गेलो. अकरा दिवसांपूर्वी सहा नंबरचं रिकामं वजन एकदम ०.१८५६ ने चढलेलं, आणि त्याच दिवसापासून नऊ नंबरचं ०.१८५५ ने उतरलेलं. एकीने गमावलं ते दुसरीने कमावलं.

त्या अकरा दिवसांत नऊच्या बाटलीत एकच नमुना मोजला गेला होता. टोल्युइन, वीस अंशांना ०.८६३६. मर्यादा ०.८६० ते ०.८७०. आकडा मधोमध बसला, कुणाची भुवई वर गेली नाही, लॉट मंजूर. शुद्ध टोल्युइनची घनता वीस अंशांना ०.८६६९ असते हे ज्याने-त्याने पाठ केलेलं असतं, पण मर्यादेच्या आत असलेल्या आकड्याला कुणी प्रश्न विचारत नाही. इथेनॉलची मर्यादा अरुंद होती म्हणून आरडाओरड झाली. टोल्युइनची रुंद होती म्हणून तेवढीच मोठी चूक मुकाट्याने निघून गेली. मला विचाराल तर या प्रकरणातली खरी धोक्याची नोंद हीच. इथेनॉलच्या निमित्ताने आम्ही तिच्यापर्यंत पोचलो इतकंच.

राखीव नमुन्यातून टोल्युइन पुन्हा मोजलं. यंत्रावर ०.८६६८, नऊच्या बाटलीत तिच्या स्वतःच्या बुचासह ०.८६६७. लॉट चांगलाच होता, अहवाल मात्र चुकीचा गेला होता. तो दुरुस्त करून पुन्हा पाठवला, कारणासकट. इनचार्जना कारण लिहिणं फारसं रुचलं नाही, पण ‘ऑपरेटरची चूक’ हा शेरा त्यांनी स्वतः खोडला.

नोंदवहीच्या छापील पानावर आता एक रकाना वाढला आहे: रिकामं वजन रजिस्टराशी ताडलं का, फरक किती. दोन मिलिग्रॅमपेक्षा जास्त फरक निघाला तर पुढे जायचं नाही. महिन्यातून एकदा प्रत्येक बाटलीत पाणी. आणि सहा व नऊच्या बुचांवर हिऱ्याच्या पेन्सिलीने आकड्याखाली रेघ ओढली, म्हणजे वरचं कुठलं आणि खालचं कुठलं ते कळावं. रेघ ओढल्यावर केमिस्टने दोन्ही बाटल्या बुचासह पुन्हा तोलल्या. काच खरवडली गेल्यामुळे सहाचं वजन ०.०००४ ग्रॅमने उतरलं होतं. तिने जुन्या आकड्यावर एक सरळ रेघ मारली, शेजारी १८.२२४३ लिहिलं, तारीख घातली आणि सही केली.